गोव्यात जुन्या जीटी गाडीला पर्याय शोधताना

जग्वार ई-टाइप, ॲस्टन मार्टिन डीबी-५, मर्सिडीजची जुनी ३०० एसएल. लांबलचक बॉनेट, पुढे भारदस्त इंजिन, ताकद मागच्या चाकांना, दोन माणसांना ऐसपैस जागा आणि मागे बॅगा. सकाळी निघावं, पाच-सहाशे किलोमीटर तोडावेत आणि उतरताना कंबर धरू नये, यासाठीच ग्रँड टुरिंग, म्हणजेच जीटी, गाड्या बनल्या. आपल्याकडे ही आवड असलेली मंडळी बरीच आहेत. त्यातली बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: ती गाडी तर परवडणार नाही, मग दुसरी कोणती घेऊ? हा लेख त्यांच्यासाठी, विशेषतः जे पहिल्यांदाच जुन्या गाडीच्या वाटेला जाताहेत त्यांच्यासाठी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गोव्यात अशी गाडी बॉनेटवरचं नाव बघून घेऊ नये, पत्रा बघून घ्यावी. इंजिन उघडता येतं, गिअरबॉक्स उतरवता येतो, सीट नव्याने शिवता येतात. पण खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी आतून खाल्लेली बॉडी पैसे ओतूनही पूर्ववत होत नाही. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिली पायरी: मूळ गाडीचा नाद का सोडायचा ते समजून घ्या

ई-टाइप १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि १९७४ पर्यंत बनत राहिली. त्या काळातल्या फारच थोड्या गाड्या भारतात आहेत आणि त्या संग्राहकांच्या हातून सहसा सुटत नाहीत. बाहेरून आणायची म्हटली तर नियम आडवे येतात. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर आयात करता येत नाही. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना अलीकडे सवलत मिळाली आहे, पण शुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीच्या वर तेवढीच, किंबहुना त्याहून जास्त रक्कम मोजावी लागते. म्हणजे इंग्लंडमध्ये स्वस्तात दिसणारी ऐंशीच्या दशकातली जग्वार एक्सजेएस किंवा पोर्श ९२८ या दोन अटींच्या बरोबर मधे अडकते. ती आणण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. पर्याय शोधायचा तो भारतात आधीच नोंदणी झालेल्या गाड्यांमध्येच.

व्हिंटेज नोंदणीचंही नीट समजून घ्या. केंद्राने २०२१ मध्ये यासाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली गाडी या नियमांखाली नोंदवता येते; तिला 'व्हीए' अक्षरं असलेला नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा आहे. ज्याला पणजीहून कोल्हापूरला सहज जाऊन यायचंय, त्याच्या ही नोंदणी कामाची नाही.

दुसरी पायरी: तुम्हाला नक्की काय हवंय?

कुणाला फक्त रूप हवं असतं. कुणाला मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची ती वळणातली लय हवी असते. कुणाला बायकोला बाजूला बसवून, डिकीत दोन बॅगा टाकून हंपीपर्यंत आरामात जायचं असतं. या तीन वेगळ्या गरजा आहेत आणि तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. रूपावर भाळलेला माणूस दोन सीटची उघडी गाडी घेतो आणि मे महिन्यात भर दुपारी मडगावच्या कोंडीत घामाघूम होतो. मग ती गाडी वर्षभर कव्हराखाली पडून राहते.

ठरत नसेल तर आधी भाड्याने चालवून बघा. आपल्याकडे स्वतः चालवायच्या गाड्यांचा धंदा मोठा आहे. परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका, ते बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचा घोळ होतो. उघड्या छपराची गाडी दोन दिवस घ्या, एक दिवस उन्हात चालवा, एक दिवस रात्री. त्यानंतर मत बदललेले बरेच जण माझ्या ओळखीत आहेत.

तिसरी पायरी: उमेदवार

सगळ्यात आधी मर्सिडीज डब्ल्यू-१२४. १९९५ पासून ती पुण्यात जुळवली जाऊ लागली, ई-२२० पेट्रोल आणि ई-२५० डिझेल. दिसायला चार दारांची साधी सेडान, पण मागच्या चाकांवर चालते, खड्ड्यातून शांतपणे जाते आणि लांबच्या रस्त्यावर तिच्या तोडीची जुनी गाडी या किमतीत मिळणं कठीण. ज्याला प्रवास हवाय, रूपाचा हट्ट नाही, त्याला मी हीच सुचवतो. एक खोट ठाऊक असू द्या: नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीजच्या इंजिनवरच्या वायरींचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळतं. बॉनेट उघडून वायर बोटाने हलकेच वाकवून बघा. आवरणाचे तुकडे पडले तर पूर्ण वायरिंगचा खर्च किमतीतून वजा करा.

आपल्या देशी गाड्यांत कॉन्टेसा. हिंदुस्तान मोटर्सने ती १९८४ ते २००२ काढली. लांब बॉनेट, मागचं ड्राइव्ह, इसुझूच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची कॉन्टेसा क्लासिक तेवढी शोधा, सुरुवातीचं दीड लिटरचं इंजिन त्या वजनाला अपुरं पडतं. सध्या तिला मागणी वाढल्यामुळे पुटी भरून, चकचकीत रंग मारून विकणारे खूप झालेत. त्यामुळे हिच्या बाबतीत पत्र्याची तपासणी दुप्पट कडक ठेवा. प्रीमियर ११८ एनई ही कॉन्टेसापेक्षा हलकी, मागच्या चाकांवर चालणारी, मूळ फियाट १२४ ची बॉडी आणि निसानचं इंजिन. तिला जीटी म्हणणं जास्त होईल, पण हात बसवायला, शिकायला उत्तम. स्टँडर्ड २००० मला मनापासून आवडते. १९८५ ते १९८८ या काळात चेन्नईत बनलेली ही गाडी म्हणजे रोव्हर एसडी-१ चं रूप, आणि त्या रोव्हरच्या चेहऱ्यावर फेरारी डेटोनाची छाप उघड दिसते. पण आत बसवलेलं दोन लिटरचं इंजिन जुन्या पठडीतलं आणि सुट्या भागांचा दुष्काळ. पहिलीच गाडी म्हणून ती घेऊ नका.

सॅन स्टॉर्म अनेकांना आठवतही नाही. दोन सीटची उघडी भारतीय गाडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, पुढचं ड्राइव्ह. वेग बेताचा, त्यामुळे खरी जीटी नाहीच. पण तिची बॉडी फायबरची आहे. किनाऱ्याजवळ राहणाऱ्याने या एका गोष्टीसाठी तरी तिचा विचार करावा. चॅसिस मात्र लोखंडीच, तेव्हा खालून बघायचं ते बघायचंच.

आता जरा महागडी मंडळी. जग्वारने २००९ मध्ये भारतात दुकान मांडलं तेव्हा एक्सकेआर सोबत आणली: पाच लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, २+२ आसनं (पुढे दोन मोठी, मागे दोन छोटी) आणि ॲल्युमिनियमची बॉडी. ई-टाइपचा वारसा सांगणारी, अधिकृतपणे इथे विकलेली, आणि जिच्या बॉडीला तांबडा गंज धरत नाही अशी ही गाडी. पैसे असतील तर माझा कौल हिला. ॲल्युमिनियम जिथे पोलादी स्क्रूला टेकतं तिथे पांढरी भुकटी जमून रंग फुगतो, तेवढी जागा तपासा. फोर्ड मस्टँग जीटी २०१६ मध्ये आली, पाच लिटरचं व्ही-८, सुमारे ४०० अश्वशक्ती, उजव्या हाताचं स्टिअरिंग. जीटीचं रूप आणि आवाज दोन्ही हवे असतील तर हीच. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे सुटे भाग किती दिवसांत मिळतात याची चौकशी सौदा करण्याआधी करा, नंतर नको.

मर्सिडीज एसएलके आणि बीएमडब्ल्यू झेड-४ यांचं पत्र्याचं घडीचं छप्पर आपल्या पावसाला कापडी छपरापेक्षा बरं. कापडी छपराची जुनी झेड-४ दिसली तर सावध राहा. तिची छप्पर उघडणारी मोटर पाणी वाहून जाण्याच्या वाटेजवळ बसवलेली असते. वाट पानांनी तुंबली की मोटर पाण्यात बुडून जाते. आणि ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांनी सरळ बीएमडब्ल्यूची ३ सीरीज किंवा स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस बघावी. चोर्ला चढताना मिळणारं सुख कमी नाही, आणि डिकीत गणपतीला गावी न्यायचं सगळं सामान मावतं.

नकली रूपापासून मात्र लांब राहा. मारुतीच्या किंवा आणखी कुठल्या गाडीवर फायबरचं खोकं बसवून बनवलेली 'कोब्रा' किंवा 'ई-टाइप' विकायला येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात बदल केलेली गाडी चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. अशा गाडीचं पुन्हा पासिंग होणं मुश्कील आणि विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी.

चौथी पायरी: पत्रा वाचायला शिका

इथे घाई करू नका. सकाळच्या उजेडात, कोरड्या गाडीची तपासणी करा. 'आत्ताच धुतलीय' असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या दिवशी या, ओल्या रंगावर सगळं छान दिसतं.

आधी दारांखालचा उंबरा, ज्याला गॅरेजवाले सिल म्हणतात. फ्रिजवर लावतो तसलं चुंबक पातळ कापडात गुंडाळून त्यावरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे खाली पुटी आहे. मग चाकांवरच्या कमानीची आतली कड बोटाने चाचपा. तांबड्या मातीचा थर तिथे ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. जॅक लावायच्या जागा, बॅटरीचा ट्रे, स्टेपनीचा खड्डा, सस्पेन्शनचे वरचे माथे, पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे. काचेच्या रबराखाली रंग फुगलेला दिसला तर समजा की आतला गंज बराच पुढे गेलाय.

त्यानंतर चालकाच्या पायाखालचं कार्पेट उचला. नुसतं बघून भागत नाही, खालच्या जाड फेल्टवर तळवा दाबून ठेवा आणि हात नाकाशी न्या. कुबट वास आला, हात ओलसर लागला, तर पाणी कुठून तरी येतंय. आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे गाडी आंब्या-फणसाखाली लावलेली असते. वायपरखालच्या जाळीत पानं आणि मोहोर साचतात, निचऱ्याचं भोक बुजतं आणि पावसाचं पाणी सरळ आत उतरतं. जाळी काढून बघा. आत काळा चिखल निघाला तर विकणाऱ्याने गाडीची किती काळजी घेतली ते वेगळं विचारायला नको.

शेवटी गाडी वर घ्या. रॅम्प किंवा गॅरेजमधला खड्डा नसेल तर सौदा करू नका. खालून सगळं ताजं काळं डांबर फासलेलं असेल तर पेचकसाच्या मुठीने टकटक करत जा. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, कुजलेला थबथब.

म्हणून माझा सल्ला असतो की गाडी घाटावरची बघा. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू इथल्या गाड्यांचा पत्रा आपल्या किनारपट्टीच्या गाडीपेक्षा सहसा चांगला असतो. दिल्लीत जुन्या गाड्यांवर असलेल्या वयाच्या निर्बंधांमुळे बऱ्याच चांगल्या जर्मन गाड्या कमी भावात बाहेर पडतात. तिथली हवा कोरडी, त्यामुळे बॉडी चांगली निघते. पण तिथून ना-हरकत मिळतेय का, हे पैसे देण्याआधी पक्कं करा.

पाचवी पायरी: चालवून बघा, नेहमीच्या रस्त्यावर

इंजिन थंड असतानाच पोचा. आधीच गरम करून ठेवलं असेल तर कारण विचारा. सुरू करताना मागे कुणाला तरी उभं करा: निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, न थांबणारा पांढरा म्हणजे कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी.

गाडी उत्तर गोव्यात असेल तर साखळी, केरीवरून चोर्ला घाट चढा. चढावर ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये अडकलात की तापमानाच्या काट्याकडे लक्ष ठेवा. चांगल्या गाडीचा काटा मध्यावर येऊन थांबतो. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत. दक्षिणेत असाल तर मडगावहून काणकोणच्या रस्त्याला करमल घाट पुरेसा आहे. वळणं अरुंद, रस्ता कुठे कुठे असमान, सस्पेन्शनचे बुश संपले असतील तर तिथे आवाज लपत नाही.

लांब नाकाच्या गाडीची एक परीक्षा फक्त आपल्याकडेच होते: फेरीबोट. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन तयार होतो आणि पुढचा बंपर तिथे घासतो. तुम्ही दिवाडी किंवा चोडणला राहत असाल तर मस्टँगच्या प्रेमात पडण्याआधी ती ओहोटीच्या वेळी बोटीत घालून बघा. गावातले उंच गतिरोधकही बघा. गाडी तिरपी घालून जाते का, की पोट टेकतं?

पेट्रोलचं काय? आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, कार्ब्युरेटरची वॉशर-डायफ्रॅम यांना ते सोसत नाही, शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. नव्वदच्या दशकातली किंवा त्याआधीची गाडी घेतलीत तर पहिल्याच सर्व्हिसला इंधनाचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे बसवा. खर्च फार नाही. पेट्रोल गळून लागलेल्या आगीत जुनी गाडी वाचत नाही.

सहावी पायरी: कागद

परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकून मालक कितवा, कर्ज आहे का, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र चालू आहे का, चलनं थकलीत का ते बघा. चॅसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. त्याभोवती वेल्डिंग किंवा ताजा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. गाडी आधी भाड्याच्या धंद्यात होती का हेही विचारा.

परराज्यातल्या गाडीसाठी फॉर्म २८ वर ना-हरकत, हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३०, कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५. घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणासाठी अर्ज करायचा असतो. बाहेरचा नंबर घेऊन १२ महिन्यांहून जास्त इथे गाडी ठेवली तर गोव्याचा नंबर घेणं बंधनकारक आहे. वाहतूक खात्यात कर नव्याने भरावा लागतो. ती रक्कम सौद्याच्या वेळीच हिशेबात धरा, आणि आधीच्या राज्यातून उरलेल्या कराचा परतावा मागा.

पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या साध्या गाडीसाठी हे शुल्क १०,००० रुपये झालं, आयात केलेल्या चारचाकीसाठी ८०,०००. म्हणून डब्ल्यू-१२४ सारखी इथे जुळवलेली गाडी आणि तयार आयात झालेली गाडी यांत निवड करताना आरसीवर काय लिहिलंय ते नीट वाचा.

विम्याच्या बाबतीत पाच वर्षांहून जुन्या गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. गाडीचे फोटो, केलेल्या कामांची बिलं दाखवून योग्य किंमत लिहून घ्या. एजंट जो आकडा टाकेल त्यावर सही करू नका.

सातवी पायरी: गाडी आणण्याआधी शेड

आधी शेड, मग गाडी, हा क्रम सोडू नका. वर पत्रे आणि तीन बाजू बंद, पण वारा खेळता हवा. ओल्या जमिनीवर गाडी ठेवली तर खालून वाफ धरते, म्हणून लादी किंवा काँक्रीट हवंच. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, त्याखाली गाडी घामेजते. सुती कव्हर वापरा. मिस्त्रीही आधीच हेरून ठेवा. म्हापसा, फोंडा, मडगाव इथे जुन्या मर्सिडीजवर हात बसलेले लोक आहेत, पण ते जाहिरात करत नाहीत. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना विचारा. नुव्यातल्या आश्वेक विंटेज वर्ल्ड या संग्रहालयात एकदा जाऊन जुनी बॉडी नीट ठेवली की कशी दिसते ते डोळ्यांत साठवा. तुलना करायला उपयोगी पडतं.

किनाऱ्यावर वाळूत गाडी नेऊ नका. गोव्यात ते बेकायदा आहे, आणि खारी वाळू चॅसिसच्या पोकळीत गेली की निघत नाही. समुद्राजवळून फिरून आलात तर घरी आल्या आल्या गोड्या पाण्याने खालून धुवा.

मे संपण्याआधी पोकळ जागांत मेणासारखं गंजरोधक फवारून घ्या, निचऱ्याची सगळी भोकं मोकळी करा, टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. पावसात गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. बॅटरीची एक तार काढून ठेवा. पावसाने उघडीप दिली की आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा. नुसतं जागेवर इंजिन घुरघुरवलं तर सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. आल्यावर बॉनेट तासभर उघडं ठेवा, आणि उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते दर वेळी बघा.